बापानेच केलं हे सगळ्यांना माहीत आहे. सिद्ध झालं का?

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ठाण्यातली हौशी मंडळी एकांकिका बसवताय. ऐरोलीत राहणारा, रबाळे एमआयडीसीत शिफ्टने काम करणारा एक बाप. त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीचा खून होतो. ओळखीतल्याच एका तरुणाला अटक होते, पण नव्वद दिवसांत दोषारोपपत्र न आल्याने तो जामिनावर बाहेर येतो. तीन आठवड्यांनी त्याचं प्रेत खाडीकडच्या खारफुटीत सापडतं. बापाला अटक होते. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही. शेवटी प्रेक्षकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, दोषी की निर्दोष. आणि मला विचारलंय, ‘मॅडम, खऱ्या कोर्टात हा माणूस सुटेल का? आणि सुटावा का?’

मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी खटले चालवते, बहुतेक आरोपीच्या बाजूने. दुसऱ्या प्रश्नावरचं माझं मत पुढे येईल. पहिल्याचं उत्तर असं की तो सुटू शकतो, पण तुमच्या प्रेक्षकांना ज्या कारणासाठी तो सुटावा असं वाटेल, त्या कारणासाठी नाही. तुमच्या नाटकाची सगळी गंमत या फरकात आहे.

चिठ्ठ्यांपासून सुरुवात करू. प्रेक्षकांना मत द्यायला लावणं म्हणजे ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, बसवणं, आणि आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ज्यूरी आता नाही. ती का गेली असं विचारलं की जो तो नानावटी खटल्याकडे बोट दाखवतो. तो ज्यूरीचा शेवटचा खटला होता ही समजूत चुकीची आहे, पण खटला तुमच्या कामाचा आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या कमांडर नानावटींनी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे खून सिद्ध झाला, जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

त्या आठ जणांना आपण असं का म्हणतोय हे लिहून द्यावं लागलं नव्हतं. न्यायाधीशाला ही सवलत नाही. निकालपत्रात मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि निर्णयाची कारणं असलीच पाहिजेत, असं नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३९३ सांगतं. आमच्याकडचं मराठी निकालपत्र उघडून बघा, सुरुवातीलाच दोन रकाने असतात. डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’. मयताचा मृत्यू मनुष्यवधाने झाला काय? होकारार्थी. सदर खून आरोपीने केला हे सरकार पक्षाने सिद्ध केले आहे काय? होकारार्थी किंवा नकारार्थी. शेवटी, आदेश काय? अंतिम आदेशाप्रमाणे. ‘मेलेला त्याच लायकीचा होता काय?’ हा मुद्दा त्या तक्त्यात काढता येत नाही. ‘बापाच्या जागी कोणीही असता तर हेच केलं असतं काय?’ हाही नाही. न्यायाधीश माणूसच असतो आणि त्यालाही मुली असतात. पण त्याला जे वाटतं ते कारणमीमांसेत बसवता आलं नाही, तर वरच्या कोर्टात तो निकाल टिकत नाही.

म्हणून तुमच्या बापाचा जीव दुसऱ्या मुद्द्यावर अडकलाय. त्याने केलं, हे सिद्ध झालं का?

प्रत्यक्षदर्शी नाही म्हणजे खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर चालणार. अशा खटल्यांचा मापदंड १९८४ च्या शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला. आम्ही वकील त्याला पंचशील म्हणतो. भावार्थ सांगते. प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे, पक्की सिद्ध झाली पाहिजे. त्या सगळ्यांची मिळून अशी साखळी झाली पाहिजे, की आरोपीनेच केलं यापलीकडे दुसरी कोणतीही शक्यता उरू नये. त्याआधी १९७३ च्या शिवाजी बोबडे खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं होतं, की ‘केलं असेल’ आणि ‘केलंच आहे’ यांत फार मोठं अंतर असतं. गंमत म्हणजे त्याच निकालात त्यांनी दुसऱ्या टोकालाही कान पिळलेत. संशयाच्या फायद्याचं स्तोम माजवून प्रत्येक बारीक फटीतून गुन्हेगार सोडू नका, असंही तिथेच लिहिलंय. आमच्यासारखे आरोपीचे वकील पहिला भाग वाचून दाखवतात, सरकारी वकील दुसरा.

तेव्हा वाजवी संशय म्हणजे कुठलीही शंका नव्हे. ‘बापासारखा दिसणारा दुसरा कोणी असेल’ ही शंका कोर्ट ऐकूनही घेणार नाही. शंका पुराव्यातून निघायला हवी, आणि ती कशी निघते ते तुमच्याच कथेवर दाखवते.

सरकार पक्षाकडे पहिली गोष्ट असणार ती हेतू. तो तर ढळढळीत आहे, मुलगी गेली आहे. तुम्हाला वाटतं तसा हा बापाचा बचाव नाही, तो त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा आहे. त्याच्या दुःखाचं तुम्ही स्टेजवर जितकं हृदयद्रावक चित्र काढाल, तितका सरकारी वकिलाचा हेतू भक्कम होईल. मी हा खटला चालवत असते, तर मुलीचा हार घातलेला फोटो कोर्टात कुठेही येऊ दिला नसता. पण हेतू दुधारी असतो. ज्याच्याकडे इतका उघड हेतू आहे, त्याच्याकडे सगळे पहिल्या तासातच बघतात आणि इतर कोणाकडे बघायचं राहून जातं. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत माझा भर याच्यावर राहिला असता. मयताच्या मोबाइलवर शेवटचे कॉल कोणाचे होते? त्यांतल्या किती जणांचे जबाब घेतले? तो बाहेर आल्यापासून कुठे राहत होता, कोणाला भेटत होता, कोणाचे पैसे देणं होता? मुलीच्या खुनात त्याच्याबरोबर आणखी कोणी होतं का, आणि असेल तर त्याचं तोंड कायमचं बंद होण्यात कोणाचा फायदा होता? आरोपीला खरा खुनी शोधून द्यावा लागत नाही. रस्ता दुसरीकडेही जात होता आणि तिकडे कोणी गेलंच नाही, एवढं दाखवलं तरी पुरतं.

आता कोयता. तुम्ही लिहिलंय, ‘बापाने पोलिसांना हत्यार काढून दिलं’. नाटकात हे एका वाक्यात उरकू नका, इथे अख्खा प्रवेश आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये, म्हणजे जुन्या २५ ते २७ मध्ये, एकच खिडकी उघडी ठेवलेली आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य. ‘मी कोयता नाल्याजवळ लपवला आहे, दाखवतो’ एवढं चालतं. ‘ज्याने मी त्याला मारलं’ हे शब्द निवेदन पंचनाम्यात लिहिलेले असले, तरी कोर्टाने ते डोळ्यांआड करायचे.

मग पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी साक्षीदार म्हणून सही केलेला माणूस, साक्षीला उभा राहतो. मुद्देमाल कारकून खाकी कागदात गुंडाळलेलं, सुतळी बांधलेलं, लाखेचं सील मारलेलं पाकीट आणून टेबलावर ठेवतो. सरकारी वकील ते फोडायची परवानगी घेतात. आतून गंजलेला कोयता निघतो आणि पंच सांगतो, हाच तो. लेबलवर सही? माझीच. मग आमची पाळी. आपल्याकडे प्रश्न आणि उत्तर असं सहसा नोंदवत नाहीत. साक्षीदाराचं उत्तर न्यायाधीश स्टेनोला सलग वाक्यात सांगतात. त्यामुळे उलटतपासणी कागदावर अशी उतरते: ‘हे खरे आहे की, मी पोलीस ठाण्यासमोर टपरी चालवतो. हे खरे आहे की, मी यापूर्वीही पंच म्हणून सह्या केल्या आहेत. हे खरे आहे की, सदर नाल्याच्या कडेने लोकांची ये-जा असते. हे खरे आहे की, लेबलवर मी पोलीस ठाण्यात सही केली. हे म्हणणे खोटे आहे की, मी घटनास्थळी गेलोच नाही.’ शेवटचं वाक्य त्याने नाकारलं. पण चौथं वाचलंत? सही ठाण्यात केली, म्हणजे जागेवर सील झालंच नाही असं मी युक्तिवादात म्हणणार. आणि लोकांची ये-जा असलेल्या उघड्या जागेतली वस्तू फक्त आरोपीलाच माहीत होती, हे सरकार पक्षाला आता नव्याने पटवावं लागणार.

नव्या कायद्याने, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय. त्यामुळे २०२४ नंतरच्या घटनेत ‘व्हिडिओ कुठे आहे?’ हा प्रश्न पंचाला आणि अधिकाऱ्याला, दोघांनाही जातो. व्हिडिओ असेल आणि त्यात आरोपी स्वतः पुढे चालत जाऊन झुडपातून कोयता काढताना दिसत असेल, तर माझं वरचं सगळं कसब वाया जातं. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर तुमचं नाटक एकतर्फी होईल.

कोयत्यावरच्या रक्ताचा नमुना कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. खाडीजवळच्या चिखलात पडलेल्या लोखंडावर ‘मानवी रक्त, गट निश्चित करता आला नाही’ असा अहवाल आला, तर त्याने साखळी जुळत नाही. डीएनए मयताशी जुळला, तर ती फार घट्ट जुळते. नाटक लिहिणाऱ्याने यांतला कोणता अहवाल आणायचा ते आधी ठरवावं, कारण बाकीचा निकाल बराचसा त्यावर फिरतो.

सीसीटीव्हीचं तुम्ही छान बीज पेरलंय. बाप रात्री अकरा चाळीसला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या सर्व्हिस रोडवर एकटा चालताना दिसतो. प्रेक्षक श्वास रोखतील, मला मात्र लगेच तीन गोष्टी सुचल्या. एक, तो शिफ्टचा माणूस आहे. एमआयडीसीतली दुसरी शिफ्ट बऱ्याच कारखान्यांत अकराला सुटते. म्हणजे त्या वेळी त्या रस्त्यावर दिसण्यात काही संशयास्पद नाही, उलट तिथे नसता तरच नवल. कंपनीचं बायोमेट्रिक हजेरीचं रेकॉर्ड आणा. दोन, कॅमेऱ्याचं घड्याळ. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, वेळ पुष्कळदा खऱ्या वेळेच्या मागे-पुढे असते, आणि हा फरक पंचनाम्यात नोंदवायचा असतो. नोंदवलेला नसेल, तर ‘अकरा चाळीस’ म्हणजे नक्की किती वाजता? तीन, प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, जुन्या ६५-ब चं, प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या खोतकर–गोरंट्याल प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने पेनड्राइव्हवर फुटेज काढून दिलं आणि कागद दिलाच नाही, तर सरकारी वकिलाला धावपळ करावी लागते.

त्यात भर मृत्यूच्या वेळेची. प्रेत दोन-तीन दिवस भरती-ओहोटीच्या पाण्यात आणि चिखलात पडलं असेल, तर वाशीच्या महापालिका रुग्णालयात शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूचा नेमका तास सांगूच शकत नाहीत. ते मोठा पट्टा देतील. कॅमेरा मिनिट सांगतो आणि डॉक्टर दिवस. या दोहोंच्या मधल्या जागेत संशय उभा राहतो, आणि तो वाजवी असतो.

शेजारीण म्हणते, ‘तो म्हणाला होता, त्याला जिवंत सोडणार नाही.’ मुलगी गेल्यावर पंधराव्या दिवशी उंबऱ्यात बसलेला बाप दुसरं काय म्हणणार? असं वाक्य तर मामाने, काकाने, सोसायटीतल्या चार पोरांनीही म्हटलं असेल. कोर्ट त्याला फार वजन देत नाही, आणि मीही तिची उलटतपासणी दोन प्रश्नांत आटोपली असती. त्या बाईंना जास्त छेडलं, तर त्या जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगून जातात.

आता फितुरी. गावाचा, सोसायटीचा, नात्याचा कळवळा कोर्टात खऱ्या अर्थाने शिरतो तो इथून. न्यायाधीशाच्या मनातून नाही, साक्षीदाराच्या तोंडातून. ज्याने पोलिसांना ‘बापाला कोयता घेऊन जाताना पाहिलं’ असा जबाब दिला, तो पिंजऱ्यात येऊन ‘अंधार होता, ओळखता आलं नाही’ म्हणतो. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायला लावतात आणि स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात. पुष्कळांना वाटतं फितूर झाला की संपलं. तसं नाही, त्याच्या साक्षीतला विश्वसनीय भाग कोर्ट वापरू शकतं. पण एकापाठोपाठ एक साक्षीदार अंधारात गेले, तर साखळी तुटते.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरात, न्यायालयाच्या इमारतीतच, अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारलं. कस्तुरबानगरच्या बायका पुढे येऊन म्हणत होत्या, आम्ही सगळ्यांनी मारलं, सगळ्यांना अटक करा. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, आरोपी पुराव्याअभावी सुटले. आजही लोक सांगतात, बघा, कोर्टाने मान्य केलं. कोर्टाने काहीही मान्य केलं नव्हतं. ‘सगळ्यांनी मारलं’ या वाक्यातून ‘या आरोपीने मारलं’ हे निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमचा पर्यायी शेवट मला नाटक म्हणून आवडला आणि वकील म्हणून धोक्याचा वाटला. बाप उभा राहून सांगतो, ‘हो, मीच मारलं, काय करायचं ते करा.’ त्या क्षणी संशयाचा खेळ संपला. मग उरतो एकच दरवाजा, गंभीर आणि अचानक चिथावणीचा. न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १०१ चा पहिला अपवाद. तो लागला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, आणि शिक्षा कलम १०५ खाली. तो लागला आहे हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. ती संशयापलीकडे पार पाडायची नसते, ‘असं असण्याचा संभव जास्त’ इथपर्यंत नेली तरी चालते.

पण ‘अचानक’ हा शब्द निर्दय आहे. नानावटींनी दुपारी दीडला घर सोडलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. मधले सुमारे तीन तास डोकं थंड व्हायला पुरेसे होते, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. तुमचा बाप तीन आठवडे थांबलाय आणि सोबत कोयता घेऊन गेलाय. दुःख तीन आठवड्यांत थंड होत नाही, हे कुठल्याही आईबापाला कळतं, पण कायदा इथे दुःख मोजत नाही, संयम सुटल्याचा क्षण मोजतो. त्याच निकालात एक फट मात्र ठेवलेली आहे. मयताच्या आधीच्या कृत्यांनी आरोपीच्या मनाची काय अवस्था झाली होती, हे शेवटच्या प्रसंगाची चिथावणी गंभीर होती का हे ठरवताना बघता येतं. म्हणजे त्या रात्री रस्त्यात तो तरुण अचानक समोर आला, मुलीबद्दल काही घाणेरडं बोलला, आणि बापाने हाताला लागलं ते उचललं, अशी घटना असेल तर बोलण्यासारखं आहे. घरून कोयता नेला असेल तर जवळपास काहीच नाही.

‘मी केलं नाही’ आणि ‘केलं, पण चिथावणीने’ हे दोन्ही बचाव एकत्र घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. व्यवहारात दुसरा तोंडातून निघाला की पहिला मेला. पक्षकाराला हे कोठडीतल्या भेटीतच समजावून सांगावं लागतं. पुष्कळ बापांना खोटं बोलायचं नसतं, आपण केलं ते बरोबर केलं हे जगाला ओरडून सांगायचं असतं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, तो राज्यघटनेच्या कलम २० (३) ने दिलेला हक्क आहे, हे त्यांना पटवायला वेळ जातो.

आणि एकदा का खून सिद्ध झाला, की न्यायाधीशाच्या हातात दयेला जागा उरत नाही. न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये फाशी किंवा जन्मठेप, तिसरा पर्याय नाही. परदेशात निराळं असतं. १९८१ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये मारियाने बाखमायर हिने मुलीच्या खुनाच्या आरोपीला भर कोर्टात गोळ्या घातल्या. तिला खुनापेक्षा सौम्य कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे तीन वर्षांत ती बाहेर आली. आपल्याकडे सात वर्षं, पाच वर्षं असं काही करायला सत्र न्यायाधीशाला मुभाच नाही. दया करायची ती सरकारने शिक्षा कमी करून किंवा राज्यपालांनी, तीही नंतर.

आता दुसरा प्रश्न, सुटावा का.

पुरावा तोकडा असेल तर सुटावा, यात मला शंका नाही. पुरावा पुरेसा असेल तर सुटू नये, आणि त्याचं मुख्य कारण मला तुमच्या कथेतल्या मुलीच्या बाजूने दिसतं. तो तरुण मेला त्या दिवशी तिच्या खुनाचा खटला त्याच्यापुरता संपला. आरोपी मेल्याची नोंद रोजनाम्यात होते, प्रकरण निकाली निघतं आणि कागद अभिलेख कक्षात जातात. त्यानेच केलं का, एकट्याने केलं का, का केलं, यावर कुठल्याही न्यायालयाचा निष्कर्ष आता कधीच येणार नाही. बाहेर त्याला फासावर चढवून झालेलं असतं, पण कागदोपत्री तो शेवटपर्यंत आरोपीच राहतो. आणि बापाच्या खटल्यात कोर्ट तो प्रश्न उघडत नाही, कारण तिथे तो मुद्दाच नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्या दिवशी पुष्कळांनी आनंद साजरा केला. पुढे त्याच्या वडिलांनी उच्च न्यायालय गाठलं आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या म्हणण्यावरच प्रश्न उभे केले. त्या चिमुरड्यांच्या खटल्यातला मुख्य आरोपी मात्र कोणत्याही निकालाविना गेला. कायदा हाती कोणी घेतला, बापाने की वर्दीने, यामुळे या परिणामात काही फरक पडत नाही.

जामिनाबद्दलही एक गैरसमज तुमच्या संहितेत आहे. ‘कोर्टाने सोडलं’ हा संवाद बदला. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणारा जामीन हा आरोपीचा हक्क असतो. त्यात निर्दोष असण्याबद्दल एक शब्दही नसतो. दोषारोपपत्र आल्यावर, त्यातला मजकूर तितकाच गंभीर असेल, तर तो जामीन रद्द करायचा अर्ज करता येतो, आणि मुलीच्या आईबापांना त्यात वकिलामार्फत म्हणणं मांडता येतं. हे त्या बापाला कोणी सांगितलं नाही, हा तुमच्या नाटकातला खरा खलनायक होऊ शकतो. कोर्टाच्या आवारात मला असे आईबाप नेहमी भेटतात. तारखेला येतात, आपला खटला आहे की नाही हे बोर्डावर बघतात, आणि काय झालं हे त्यांना शिपायाकडून कळतं.

एक पात्र तुम्ही विसरलात, मयत तरुणाची आई. कायद्याच्या भाषेत बापाच्या खटल्यात पीडित ती आहे. तीही दर तारखेला येणार, त्याच व्हरांड्यात, त्याच बाकांवर. दोन्ही कुटुंबं एका लिफ्टसाठी थांबतात तेव्हा कोण आधी चढणार हा प्रश्न पडतो, हे मी पाहिलंय. तिला एक संवाद द्या, आणि तो ‘माझा मुलगा निर्दोष होता’ असा नको. तिला ते माहीत नाही, आणि आता कळायचीही सोय राहिलेली नाही.

राहिल्या चिठ्ठ्या. खून स्टेजवर दाखवू नका. दाखवलात तर संशय उरतच नाही, मग प्रेक्षक फक्त दयेवर मत देतील. आणि चिठ्ठीवर ‘दोषी की निर्दोष’ न छापता ‘सरकार पक्षाने सिद्ध केलं का? हो / नाही’ एवढंच छापा, खाली दोन ओळी कोऱ्या, कारण लिहायला. कारण नसलेली चिठ्ठी बाद. मला वाटतं, निकाल बराच वेगळा लागेल.

निकाल ‘नाही’ लागला, तर पडदा मिठीवर पाडू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ प्रमाणे त्याच्याकडून बंधपत्र घेतलं जातं, की अपील झालं तर वरच्या कोर्टात हजर राहीन. ते सहा महिने लागू असतं. तेव्हा बाप आधी कारकुनाच्या टेबलाशी उभा राहून सही करेल, जामीनदाराची सही घेईल, मग आदेश तुरुंगात जाईल आणि संध्याकाळी तो बाहेर येईल. सरकारला अपिलाचा हक्क आहे आणि, बहुतेकांना हे ठाऊक नसतं, त्या तरुणाच्या आईलाही आहे, कलम ४१३ खाली. दुसऱ्या दिवशी निकालाच्या नकलेसाठी अर्ज करायला खिडकीवर ती उभी असू शकते.